दातावरच्या थरापासून सुरुवात करा : बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षासाठी जिवाणूंची ओळख

रविवारी सकाळी परळच्या माझ्या दवाखान्यात दुसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं येतात. कुणी चिपळूणचं, कुणी लातूरचं, बहुतेकांची दहावीपर्यंतची शाळा मराठी. मायक्रोबायोलॉजीचं पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच सेल वॉल, सेल मेम्ब्रेन, कॅप्सूल, फ्लॅजेला, पिलाय, स्पोअर अशी नावांची रांग लागते. मुलं ती लोकलमध्ये उभ्याने पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात. त्यांच्यासाठी मी एक क्रम बसवला आहे, तोच इथे लिहिते. पेशीचा कुठलाही भाग समोर आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे: हा तोंडात काय काम करतो, आणि माझ्या हातातलं कुठलं औषध किंवा उपकरण त्याला मोडतं? या दोन प्रश्नांची उत्तरं आली की नाव आपोआप लक्षात राहतं.

आधी स्लाइड, मग पुस्तक

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी खालच्या दाढा घासायच्या ठेवा. लॅबमध्ये निर्जंतुक टूथपिकने दाढेच्या आणि हिरडीच्या सांध्यावरून हलकेच खरवडा. टोकावर जो पांढुरका, मऊ थर येतो तो प्लाक. घरी आपण ज्याला किटण म्हणतो ते पुढचं, चुना बसून दगड झालेलं. आपल्याला मऊ थर हवा आहे.

स्वच्छ, तेलकटपणा नसलेल्या स्लाइडवर सलाइनचा एक छोटा थेंब घ्या आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा प्लाक कालवून रुपयाच्या नाण्याएवढा पसरा. हा पातळ थर म्हणजे स्मिअर. स्मिअर वाळल्यावर स्लाइडखाली वर्तमानपत्र धरून बघा. अक्षरं वाचता आली तर जाडी बरोबर. नवखी मुलं नेहमी जाड स्मिअर करतात, आणि जाड स्मिअरमध्ये रंग नीट उतरत नाही, मग सगळंच जांभळं दिसतं.

आता मुंबईची अडचण. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की स्मिअर वाळता वाळत नाही. घाईत ओली स्लाइड बर्नरवर धरली की थेंबातलं पाणी उकळतं, पेशींचे आकार बिघडतात आणि पुढे नळाखाली अर्धा स्मिअर वाहून जातो. पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तेवढ्यात जर्नलमधली आकृती काढून होते. पूर्ण वाळल्यावरच स्लाइड ज्योतीवरून तीनदा पटकन फिरवा. हाताच्या पाठीला टेकवल्यावर गरम लागावी, चटका बसू नये.

मग ग्रॅम स्टेन, म्हणजे रंगावरून जिवाणूंचे दोन गट पाडण्याची पद्धत: जांभळे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम-निगेटिव्ह. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा. आयोडीन एक मिनिट, धुवा. नंतर ॲसिटोन किंवा अल्कोहोल, लगेच पाणी. शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट, धुवा, टिपून वाळवा. पाण्याची धार स्मिअरच्या वरच्या बाजूला सोडा, थेट स्मिअरवर नको.

या सगळ्यात खरी पायरी एकच, रंग उतरवण्याची. ॲसिटोनला दोन-तीन सेकंद पुरतात, अल्कोहोलला त्याहून थोडे जास्त. माझ्या स्वतःच्या परीक्षेत मी घाबरून ॲसिटोनवर दहापर्यंत मोजत बसले. स्टॅफिलोकॉकसचे द्राक्षांसारखे घड गुलाबी दिसले आणि मी ते ग्रॅम-निगेटिव्ह कॉकाय (गोल जिवाणू) म्हणून लिहिले. तेव्हापासून मी मुलांना एक सवय लावते: त्याच स्लाइडच्या एका टोकाला माहितीतला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय लावायचा. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी आला, तरच मधल्या स्मिअरवर विश्वास ठेवायचा.

मायक्रोस्कोपखाली आधी दहाच्या लेन्सने स्मिअर शोधा, मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सवर या, कंडेन्सर वर चढवा, डायफ्राम उघडा. तेल का, हे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात. काचेतून हवेत शिरताना प्रकाश वाकतो आणि लेन्सबाहेर निसटतो. तेलाचा अपवर्तनांक जवळपास काचेएवढाच असल्यामुळे तो सरळ लेन्समध्ये जातो आणि बारीक गोष्टी वेगळ्या दिसतात. काम झालं की लेन्स पेपरने तेल पुसा. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत लेन्सवर बुरशीची जाळी धरते.

काय दिसतं ते सावकाश बघा

आधी एक मोठी, चपटी, गुलाबी पेशी शोधा. मधोमध गडद केंद्रक असेल. ही तुमच्याच तोंडाच्या अस्तराची पेशी, साधारण साठ मायक्रॉन रुंद. तिच्यावर जे जांभळे ठिपके विखुरलेले दिसतात ते जिवाणू, एकेक जेमतेम एक मायक्रॉन. जिवाणू किती लहान हे शंभर वेळा वाचून कळत नाही, ते या एका दृश्यात कळतं.

आता ठिपक्यांकडे या. माळेसारखे ओवलेले ते स्ट्रेप्टोकॉकस. काड्यांसारखे ते बॅसिलाय. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, लांब गुलाबी काडी दिसली तर ती बहुधा फ्युजोबॅक्टेरियम. कधी कधी एका लांब तंतूभोवती गोल कॉकाय चिकटून मक्याच्या कणसासारखा आकार दिसतो. तो दिसला की शेजारच्याला बोलावून दाखवा. एक जिवाणू दुसऱ्याला धरून राहतो याचा इतका सुंदर पुरावा पुस्तकातल्या आकृतीत मिळत नाही.

अंड्याच्या आकाराची, जांभळी, बाजूला कोंब फुटल्यासारखी पेशी दिसली तर थांबा. ती कॅन्डिडा, म्हणजे बुरशीवर्गातली. ग्रॅम स्टेनमध्ये ती जांभळी दिसते म्हणून मुलं तिला ग्रॅम-पॉझिटिव्ह कॉकस म्हणून मोकळी होतात. आकार बघा, ती कॉकसच्या कितीतरी पट मोठी असते.

हा प्रयोग नवा नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुकने 1683 साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिला, आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. हा माणूस आपल्या आजी-आजोबांसारखा रोज मिठाने दात घासायचा. जिवाणूंच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला दातावरचा थर आहे, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने अभिमानाने सांगावं.

जांभळा की गुलाबी : गोधडीची गोष्ट

सेल वॉल समजली की निम्मा विषय समजला, म्हणून इथे वेळ द्या.

जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची असते. एनएजी आणि एनएएम या दोन साखरेच्या घटकांचे लांब धागे, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी जोडणारे अमिनो आम्लांचे आडवे टाके. आजीची गोधडी डोळ्यांसमोर आणा. थरावर थर आणि त्यांना बांधून ठेवणारे टाके. टाके उसवले तर गोधडी उरत नाही, नुसत्या चिंध्या उरतात.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूची गोधडी जाड असते, साधारण 20 ते 80 नॅनोमीटर, आणि तिच्यातून टायकोइक ॲसिडचे दोर आरपार गेलेले असतात. ग्रॅम-निगेटिव्हची गोधडी पातळ, एखाद-दोन पदरांची, पण तिच्यावर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, रेनकोटासारखं. त्याला आउटर मेम्ब्रेन म्हणतात आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला लिपोपॉलिसॅकराइड म्हणजे एलपीएस असतं.

आता स्टेन परत आठवा. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत रंगाचे मोठे गोळे तयार होतात. अल्कोहोल टाकलं की जाड गोधडीतलं पाणी निघून ती आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम-निगेटिव्हचा रेनकोट चरबीचा, तो अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि पातळ गोधडीतून रंग वाहून जातो. त्या रिकाम्या पेशीला सॅफ्रानिन गुलाबी करतं. ग्रॅम यांनी 1884 साली ही पद्धत मांडली तेव्हा भिंतीची ही रचना कुणालाच ठाऊक नव्हती, रंगाने ती आधी दाखवली.

आता दुसरा प्रश्न. गोधडी मोडायची तर टाकेच घालू द्यायचे नाहीत. पेनिसिलिनच्या घरातलं ॲमॉक्सिसिलिन नेमकं तेच करतं. टाके घालणारं ट्रान्सपेप्टिडेज एन्झाइम ते अडवतं. जिवाणू वाढत राहतो, भिंत मात्र कच्ची राहते, आतला दाब सहन न होऊन पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध रुग्णाच्या पेशींना सोडून जिवाणूला मारतं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंत नसते, म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. व्हायवातले दोन प्रश्न इथेच सुटले.

एलपीएसवर मुलं घाईने पान उलटतात, ते मला पटत नाही. एलपीएसचा लिपिड ए हा भाग म्हणजे एंडोटॉक्सिन. जिवाणू मेला, फुटला, की ते जास्त प्रमाणात सुटतं, आणि उष्णतेला दाद देत नाही. हिरडीच्या खिशात, म्हणजे दात आणि सुटलेली हिरडी यांच्यातल्या फटीत, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू साठले की त्यांच्या एलपीएसमुळे दाह सुरू होतो, दाहातून निघणारी रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात, आणि दात हलायला लागतो. रूट कॅनालमध्येही जिवाणू मारून भागत नाही, त्यांचे अवशेष धुऊन काढावे लागतात. म्हणूनच इरिगेशनला इतका वेळ देतात. आणि ऑटोक्लेव्हआधी, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करण्याआधी, उपकरणं घासून धुवायची असतात, त्याचं एक कारण हेही: वाफेने जिवाणू मरतो, त्याचं एंडोटॉक्सिन तिथेच राहतं.

मुंबईत हे शिकायला एक जागा आहे. परळला हाफकिन संस्थेवरून आपण रोज जातो. 1896 मध्ये मांडवीत प्लेग उफाळला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करायला घेतली. रश्शात, म्हणजे ब्रॉथमध्ये, त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. थेंबांच्या खालच्या बाजूने प्लेगचे जिवाणू गुहेतल्या चुनखडीच्या लोलकांसारखे खाली लोंबत वाढले. त्याला आजही स्टॅलक्टाइट ग्रोथ म्हणतात आणि ते अजून विचारलं जातं. मग ते जिवाणू उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला. मेलेला जिवाणूही शरीराला ओळखता येतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरच्या खुणा शाबूत असतात. लसीचं सगळं गणित त्या खुणांवर उभं आहे.

भिंतीच्या आत

भिंतीच्या आत सेल मेम्ब्रेन. जिवाणूला मायटोकॉन्ड्रिया नसतात, ऊर्जा तयार करण्याचं काम हेच पटल करतं. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सच्या पटलात प्रोटॉन बाहेर फेकणारे पंप असतात. तो साखरेपासून लॅक्टिक ॲसिड बनवतो आणि ज्या आम्लात इतर जिवाणू मान टाकतात त्यात हा पंप चालवून तग धरतो. म्हणून गोड खाणाऱ्याच्या तोंडात हळूहळू त्याचंच राज्य होतं.

केंद्रक नसतं. गोल डीएनए उघडाच असतो, त्या भागाला न्यूक्लिऑइड म्हणतात. प्रथिनं बनवणारे रायबोसोम 70एस, म्हणजे 50एस आणि 30एस अशा दोन तुकड्यांचे. आपले 80एस. हा फरक औषधांच्या कामाचा. टेट्रासायक्लिन 30एसला धरतं, ॲझिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन 50एसला. टेट्रासायक्लिन कॅल्शियमलाही धरतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, मुलाचे दात कायमचे डागाळतात.

प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएखेरीज असलेलं छोटं वर्तुळ. परीक्षेआधी हॉस्टेलवर फिरणाऱ्या झेरॉक्ससारखं ते चालतं: एकाकडे असलं की तो स्वतःची प्रत ठेवून दुसऱ्याला देतो. पिलसच्या नळीने दोन पेशी जोडल्या जातात आणि औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमची कृती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. दाढ दुखली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या खाऊन बंद करणारे रुग्ण तुम्हाला रोज भेटतील. त्या चार गोळ्यांत कच्चे जिवाणू मरतात आणि ही झेरॉक्स बाळगणारे उरतात. दुखण्याचं मूळ दातातच राहतं, हे त्यांना प्रत्येक वेळी शांतपणे समजवा.

फ्लॅजेला म्हणजे पोहण्याची शेपटी. एक, झुपका, दोन्ही टोकांना, सगळीकडे, असे चार प्रकार लिहून टाका. फक्त स्पायरोकीटची शेपटी बाहेर नसते, ती आउटर मेम्ब्रेनच्या आत गुंडाळलेली असते, म्हणून तो स्क्रूसारखा फिरत पुढे जातो. हिरडीच्या खिशातला ट्रेपोनेमा डेंटिकोला असाच.

भिंतीच्या बाहेर : चिकटण्याची कला

तोंडात दिवसभर लाळ वाहते, जीभ फिरते, आपण गिळतो. ज्याला धरून राहता येत नाही तो पोटात जातो. म्हणून तोंडातल्या जिवाणूची निम्मी हुशारी चिकटण्यात आहे.

काही जण फिम्ब्री नावाच्या बारीक केसांनी धरतात. म्युटन्सची तऱ्हा वेगळी. साध्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजपासून, तो ग्लुकोसिल ट्रान्सफरेज या एन्झाइमने ग्लुकान नावाचा डिंक बनवतो. तो डिंक बनवायला सुक्रोजच लागतं, म्हणून इतर पिठूळ पदार्थांपेक्षा चहातली साखर दाताला जास्त नडते. त्या डिंकात शेकडो जातींचे जिवाणू थरावर थर बसवतात. पाण्याच्या पिंपात आतून हात फिरवला की जो बुळबुळीतपणा लागतो, तीही अशीच जिवाणूंची चिकट साय, म्हणजे बायोफिल्म. नुसतं पाणी ओतून तो जातो का? हाताने घासावाच लागतो. प्लाकचं तसंच आहे. चूळ भरून तो निघत नाही, आणि औषधही खोलवरच्या जिवाणूंपर्यंत नीट पोचत नाही. ब्रश आणि स्केलर यांना पर्याय नाही तो यामुळे.

गिरणगावातल्या माझ्या रुग्णांचा दिवस कटिंग चहावर चालतो. प्रत्येक गोड घोटानंतर काही मिनिटांत प्लाकची आम्लता वाढून पीएच 5.5 च्या खाली जातो, इनॅमलमधून खनिज निघायला लागतं, आणि लाळ ते सावरेपर्यंत अर्धा ते एक तास जातो. दिवसात सहा कटिंग घेणाऱ्याच्या दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे आधी विचारा.

खिशाच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू नांदतात. मेट्रोनिडाझोल अशाच जिवाणूच्या आत शिरून बदलतं आणि त्याचा डीएनए तोडतं. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूत तो बदल होत नाही. ॲमॉक्सिसिलिनसोबत मेट्रोनिडाझोल का लिहितात, याचं उत्तर यात आहे.

आणखी एक गोष्ट इथे जोडून ठेवा. जिवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. क्रिस्टल व्हायोलेट धनभारित, म्हणून ते चिकटतं. माउथवॉशमधलं क्लोरहेक्सिडिनही धनभारित, तेही याच कारणाने जिवाणूला जाऊन बिलगतं आणि त्याचं पटल फोडतं. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक ऋणभारित असतो, तो क्लोरहेक्सिडिनला वाटेतच निकामी करतो. म्हणून ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून माउथवॉश वापरायला सांगतात. स्लाइडवरचा रंग आणि बाटलीतलं औषध एकाच नियमाने चालतात, हे कळलं त्या दिवशी मला हा विषय आवडायला लागला.

स्पोअर आणि ऑटोक्लेव्ह

बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम उपासमार झाली की स्पोअर बनवतात. डब्यातली कोरडी मटकी आठवा. पाणी नाही, हालचाल नाही, वर्षभर तशीच, भिजवली की मोड. स्पोअरच्या गाभ्यातलंही पाणी कमी केलेलं असतं, आणि त्यात कॅल्शियम डायपिकोलिनेट भरलेलं असतं. एका दाण्यातून एकच मोड, तसा एका पेशीतून एकच स्पोअर, म्हणून ही प्रजननाची रीत नव्हे. धनुर्वाताच्या जिवाणूला ड्रमस्टिक म्हणतात तेव्हा शेवग्याची शेंग काढू नका. टोकाला गोळा असलेली ढोलाची काठी काढा.

नुसत्या उकळत्या पाण्याने स्पोअर मरतील याची खात्री नाही. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सियस, 15 पौंड दाब, 15 मिनिटं, किंवा 134 अंशाला किमान 3 मिनिटं. ही वेळ तापमान गाठल्यापासून मोजायची. पाउच एकमेकांवर कोंबले तर मधे हवा अडकते आणि वाफ पोचत नाही. पाउचवरची पट्टी रंग बदलते ती फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. जिवाणू खरंच मेले का, हे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या स्पोअरची पट्टी आत ठेवून, नंतर ती वाढवून बघूनच कळतं. दवाखाना काढाल तेव्हा ही चाचणी टाळू नका.

आणि दवाखान्याची वाट न बघता करता येण्याजोगं एक काम. डेंटल चेअरच्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचून राहतं, आणि पिंपात होते तशीच बायोफिल्म त्या नळ्यांत आतून धरते. पोस्टिंगला लागाल तेव्हा सकाळी पहिला पेशंट बसवण्याआधी हँडपीस आणि सिरिंजचं पाणी दोन मिनिटं सोडून द्या, आणि दर पेशंटनंतर वीस-तीस सेकंद. पहिल्या दिवशी ते पाणी एका स्वच्छ काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघा, आणि जमलं तर त्यातला एक थेंब स्लाइडवर घ्या.